तराजूबाईंची उलटी शाळा

पहिलीच्या बाईंना सगळी शाळा पाठीमागे तराजूबाई म्हणायची आणि तोंडावर नुसतं बाई. पाठीमागचं नाव बाईंना ठाऊक होतं. राग यायचं सोडाच, मनातून त्या सुखावायच्या. लोक कुणाला भांडखोर म्हणतात, कुणाला चिकट म्हणतात. आपल्याला निदान तराजू म्हणतात, त्यात वाईट काय?

आणि नाव काही उगाच पडलं नव्हतं. वाढदिवसाला एखाद्या पोराने टॉफ्या आणल्या आणि त्यात एक जरी कमी भरली, तरी बाई वाटू द्यायच्या नाहीत. "उद्या एक आण, मग सगळ्यांना," असं म्हणून पुडा परत दप्तरात. पोरांच्या तोंडाला सुटलेलं पाणी रात्रभर तसंच. फळा पुसायची पाळी, खिडकीजवळ बसायची पाळी, रांगेत पुढे उभं राहायची पाळी, सगळं ठरलेलं. कुणाचा गुडघा खरचटला आणि बाईंनी त्यावर फुंकर घातली, की शेजारचाही आपला गुडघा पुढे करायचा. बाई त्यालाही फुंकर घालायच्या, धडधाकट गुडघ्याला! आता याला न्याय म्हणायचं की खूळ, ते तुमचं तुम्ही ठरवा.

बाकी बाई म्हणजे मायेचा झरा. वर्गातल्या प्रत्येकाला त्यांनी लाडाचं नाव ठेवलं होतं. सतत डुलक्या काढणारा ढगोबा, चालताना दप्तर, डबा, पट्टी असं सगळं वाजवत येणारी खुळखुळी, आणि पुढच्या बाकावर एक वकील. वकील दिसायला वीतभर, पण "गृहपाठ का नाही केला?" म्हटलं की कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "बाई, आधी मला सांगा, तुम्ही तो दिलाच का?" अशा पोरापुढे कोण काय बोलणार?

लाडाचं नाव नव्हतं ते एकाच मुलीला. तिला बाई पूर्ण नावाने हाक मारायच्या, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, जणू कचेरीत पुकारा चाललाय. ती मुलगी म्हणजे बाईंची सख्खी भाची.

बाई लग्नाच्या भानगडीत कधी पडल्या नाहीत. धाकटा भाऊ आणि भावजय यांच्याबरोबर राहायच्या. भाऊ शिलाई मशीन दुरुस्त करायचा, भावजय दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीत बसायची. म्हणजे त्यांची पोर वाढली ती आत्याच्याच कडेवर. घरी तिचं नाव भिंगरी, कारण बसून काही करणं तिला माहीतच नव्हतं. भिंगरीला पहिलं अक्षर आत्याने शिकवलं, केस आत्याने विंचरले, झोपताना पाय टाकायला आत्याचंच पोट लागायचं. आणि शाळेत पहिलीचा वर्ग एकच! दुसरी तुकडी असती तर बाईंनी पोरीला तिकडे ढकलून सुटकेचा निःश्वास टाकला असता. पण नव्हती ना.

पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत दुसरीच्या बाई चहा ढवळत म्हणाल्या, "काय मग, यंदा घरचीच वर्गात. पहिला नंबर ठरलेलाच म्हणायचा!"

दुसरीच्या बाईंच्या जिभेला हाड नव्हतं, पण मनात काही वाईटही नव्हतं. बोलल्या आणि विसरल्या. तराजूबाई मात्र विसरल्या नाहीत. चहा तसाच टाकून त्या उठल्या आणि मनाशी खूणगाठ बांधली, की या वर्षी माझ्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा मिळणार नाही. घरी येऊन भिंगरीला समोर बसवलं. "हे बघ, शाळेच्या फाटकाच्या आत मी तुझी आत्या नाही. बाई. आणि तिथे मला अहो म्हणायचं."

"आणि फाटकातच असलो तर?" भिंगरीने विचारलं.

"तर गप्प बसायचं," बाई म्हणाल्या.

जगात सगळीकडे आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. आमच्या बाईंचं मात्र उलटंच, दुसऱ्याचा तो बाब्या आणि आपलं तेवढं कार्टं! फळ्यावर बेरीज लिहिली की भिंगरीचा हात सगळ्यांच्या आधी वर. नुसता हात नाही, अख्खी पोरगी बाकावरून वर. बाई तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायच्या आणि पूर्ण नाव घेऊन म्हणायच्या, "तू राहू दे. पुढचा." पुढच्याला येत नसे. त्याच्या पुढच्यालाही येत नसे. बाई थांबायच्या, बोटं मोजायला लावायच्या, शेवटी स्वतः सांगून टाकायच्या, पण भिंगरीला विचारायच्या नाहीत. फळा पुसायची तिची पाळी आली की त्या दिवशी नेमका फळा स्वच्छच निघायचा. वर्गात गोंगाट झाला तर पहिली उभी कोण? तीच. अति तिथे माती म्हणतात ते काय खोटं!

रात्री जेवताना भाऊ हसायचा. "ताई, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं म्हणतात. तू तर बिनमिशांचीच फौजदार झालीस गं!"

"तू तुझ्या मशिनी बघ," बाई त्याला झटकून टाकायच्या.

भावजय शहाणी होती, थोडक्यात बोलायची. एकदा पोर झोपल्यावर ती म्हणाली, "ताई, तुम्ही तिला रागावता त्याचं तिला काही वाटत नाही. तुम्ही विचारत नाही, त्याचं वाटतं."

बाईंनी ते ऐकलं आणि पांघरूण डोक्यावरून घेतलं. पुढे कधीतरी, नेमकं कधी ते बाईंनाही सांगता आलं नसतं, भिंगरीचा हात वर यायचा थांबला. बाईंना आधी बरंच वाटलं. म्हटलं, समजूतदार झाली पोर. अहो, बाकावर चढून हात वर करणारी पोर एकाएकी हाताची घडी घालून बसते, त्याला समजूत म्हणतात होय? पण तेवढं बघायला बाईंना सवड कुठे होती? त्या तराजू सांभाळण्यात दंग.

वर्ष सरत आलं आणि वार्षिक कार्यक्रम जवळ आला. बाकीच्या वर्गांचे नाच, गाणी, नाटुकली. पहिलीची मात्र एक जुनी रीत होती आणि ती बाईंनीच पाडलेली होती. तिचं नाव उलटी शाळा. रंगमंचावर खरोखरचा वर्ग मांडायचा, फळा, बाकं, सगळं. एक मूल बाई व्हायचं, उरलेली मुलं मुलंच, आणि खऱ्या बाईंनी मुलांत बाकावर बसायचं. तालीम करायची नाही, कुणी काही लिहून द्यायचं नाही. वर्षभरात जे शिकलो तेच पालकांपुढे विचारायचं आणि सांगायचं. हॉलमध्ये पालक पोट धरधरून हसायचे, कारण पोरं बाईंची नक्कल अशी हुबेहूब करायची की बाईंच्या चपलेचा आवाजसुद्धा सोडायची नाहीत.

बाई कोण होणार, हे चिठ्ठीवर. वर्षभरात स्वतःचं नाव लिहायला शिकलेलं प्रत्येक मूल आपल्या हाताने चिठ्ठी लिहायचं, खडूच्या रिकाम्या खोक्यात टाकायचं आणि बाई डोळे मिटून एक काढायच्या.

भिंगरीने या दिवसाची वाट बघितली होती हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. आरशापुढे उभी राहून, नाकावर आत्याचा चष्मा चढवून ती उशांना पाढे विचारायची. पुढच्या वर्षी दुसरी, दुसऱ्या बाई, तिथे उलटी शाळा वगैरे काही नाही. म्हणजे संधी ही एकच.

बाईंनी डोळे मिटले, खोक्यात हात घातला, चिठ्ठी काढली आणि उघडली. नाव भिंगरीचं!

तिचं अक्षर बाई झोपेतही ओळखतील, बोट धरून त्यांनीच तर गिरवून घेतलं होतं. क्षणभर त्यांना इतका आनंद झाला की तोंड उघडलंच होतं. आणि त्याच क्षणी डोळ्यांपुढे आल्या दुसरीच्या बाई, चहा ढवळताना. मग शाळेच्या मोठ्या बाई. मग पालकांची रांगच्या रांग, एकमेकांना कोपराने ढोसत. भाचीचीच चिठ्ठी कशी हो निघाली? आणि काढली कुणी? आत्यानेच! समोर वकील आ वासून बसला होता. बाईंनी मूठ मिटली आणि म्हणाल्या, "वकील."

वकिलाने अशी उडी मारली की बाक आडवा झाला. पोरांचा गलका उठला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. बाईंच्या त्या झाकल्या मुठीत मात्र कागदाचा एक बोळा होता आणि तो त्यांना टाकताही येईना, ठेवताही येईना.

घरी जाताना भिंगरी रस्त्यातला एक खडा पायाने उडवत चालली होती. फाटक केव्हाच मागे पडलं होतं. मग तिने विचारलं, "आत्या, माझी चिठ्ठी होती ना खोक्यात? की आधीच काढून ठेवली होतीस?"

"होती गं," बाई म्हणाल्या. "तूच नाही का टाकलीस?"

"हो, पण मला वाटलं..." भिंगरी थांबली. मग एकदम मोकळी हसली. "म्हणजे होती. मग ठीक आहे." आणि आत्याचा हात धरून उड्या मारत चालू लागली.

त्या चिठ्ठीपर्यंत बाई आयुष्यात खोटं बोलल्या नव्हत्या, आणि आता बोलल्या तेही खरंच होतं, चिठ्ठी खोक्यात होतीच की! पण पोरीने विश्वास ठेवला आणि बाईंना घास उतरेना. त्या रात्री भाऊ म्हणाला, "ताई, भाजीत मीठ नाही का?" बाईंना कळलंच नाही की तो त्यांच्याशी बोलतोय.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल गच्च भरला. रंगमंचावर बाकं मांडली. वकिलाच्या जागी टेबल मांडलं होतं आणि ढगोबा तापाने घरी होता, त्यामुळे बाईंना बसायला एकच जागा उरली, भिंगरीशेजारची. बाई त्या चिमुकल्या बाकात बसल्या म्हणजे काय, गुडघे हनुवटीला टेकवून त्यांनी स्वतःला त्यात कोंबलं. तेवढ्यावरच हॉल हसला.

पडदा उघडला आणि वकील आला. खांद्यावर पर्स, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, गळ्याशी माईक, हातात डस्टर. चालही बाईंची, जरा उजवीकडे झुकती. टेबलावर डस्टर आपटून, खडूच्या धुळीत स्वतःच खोकून तो म्हणाला, "आवाज बंद! टाचणी पडली तर ऐकू आली पाहिजे."

"बाई, टाचणी कुठेय?" खुळखुळीने विचारलं.

"बाहेर उभी राहा," वकील म्हणाला. "नको, बाहेर अंधार आहे. इथेच उभी राहा."

पालक हसून लोळायचे बाकी होते. वकिलाने वार विचारले, महिने विचारले, हातचा घेऊन बेरीज विचारली. प्रत्येकाला लाडाच्या नावाने हाक, चुकलं तर "परत विचार कर रे राजा," बरोबर आलं तर पाठीवर थाप. बाईंना मनातून फार बरं वाटलं. इतकी वाईट नाही हो मी, असं त्यांना वाटलं. मग वकील त्यांच्या बाकापाशी आला. भिंगरीकडे त्याने चष्म्यावरून बघितलं, तिचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, आणि म्हणाला, "तू राहू दे. पुढचा."

हॉलमध्ये हशाचा स्फोट झाला. सगळ्यांना ठाऊक होतं की! वर्गातल्या पोरांनी घरोघरी सांगितलेलं होतं. दुसरीच्या बाई डोळे पुसत हसत होत्या, भाऊ हसत होता. भिंगरीसुद्धा हसली. एक तेवढी भावजय हसली नाही, आणि बाईंनी नेमकं तिच्याचकडे बघितलं.

भिंगरीने हात वर केलाच नव्हता. वकिलाने न मागताच तिला नाही म्हटलं होतं, कारण तो धडा वर्षभर रोज शिकवला गेला होता आणि सगळ्या वर्गाचा तोंडपाठ होता. शिकवलंस गं बाई, चांगलं शिकवलंस, त्या स्वतःलाच म्हणाल्या. आणि त्यांनी हात वर केला.

"काय? पाणी प्यायला जायचंय?" वकिलाने विचारलं.

"नाही बाई," बाई उठल्या. उठल्या म्हणजे बाकासकट अर्ध्या उठल्या, कारण बाक सुटेना. भिंगरीने तो खाली दाबून धरला तेव्हा कुठे त्या मोकळ्या झाल्या. "माझी एक चूक झालीय. चिठ्ठी तुझी नव्हती निघाली. हिची निघाली होती. मी वाचली आणि मूठ मिटून तुझं नाव घेतलं. लोक नावं ठेवतील म्हणून घाबरले. मी तुलाही फसवलं आणि हिलाही."

आता टाचणी पडली असती तर खरंच ऐकू आली असती. पहिल्या रांगेत मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. सगळ्यांना वाटलं, वकील आता भांडणार. वकिलाने कमरेवर हात ठेवला, विचार केला आणि पर्स, चष्मा, माईक, सगळं उतरवलं.

"घे बाई," तो भिंगरीला म्हणाला. "यांना शिकवून माझा घसा बसला. एक जण ऐकत नाही." मग खऱ्या बाईंकडे वळून हळूच म्हणाला, "पण मी चांगला करत होतो ना?"

"फार चांगला," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पाठीवर थाप दिल्यावरच तो भिंगरीच्या रिकाम्या जागेवर, म्हणजे बाईंच्या निम्म्या बाकावर, बाईंबरोबर बसला.

भिंगरी पुढे गेली. पर्स तिच्या गुडघ्यापर्यंत आली. पहिल्यांदा आवाजच फुटेना, मग फुटला तो असा की मागच्या भिंतीला जाऊन आदळला. तिने खुळखुळीला खाली बसवलं. वजाबाकी घेतली, झाडाचे भाग घेतले. एकेका बाकापाशी थांबून, कुणी अडलं तर बोटं पुढे करून तिने सगळ्यांना विचारलं, एकालाही सोडलं नाही. बाईंचा हात पहिल्या प्रश्नापासून वर होता. भिंगरी त्यांच्यापाशी आली, त्यांचं पूर्ण नाव घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही राहू द्या. पुढचा."

पुन्हा हशा. बाईही हसल्या आणि हात तसाच वर ठेवला. पुढचा प्रश्न, हात वर. त्याच्या पुढचा, हात वर. हात भरून आला, खांदा दुखायला लागला. एवढा दुखतो? बाईंना माहीतच नव्हतं. इतकी वर्षं त्या हाताच्या पलीकडच्या बाजूला उभ्या होत्या ना. शेवटी त्यांनी दुसऱ्या हाताने त्या हाताला आधार दिला, जशी पोरं देतात, आणि म्हणाल्या, "बाई, मला विचारा ना."

भिंगरी गोंधळली. ती वाकली आणि आत्याच्या कानात कुजबुजली. पण माईक तिच्या गळ्याशी होता आणि कुजबूज सगळ्या हॉलने ऐकली. "आत्या, असं काय करतेस? आपल्या माणसाला विचारायचं नसतं. लोक काय म्हणतील?"

ती चिडून बोलली नव्हती, सूड तर तिच्या गावीही नव्हता. ती आत्याची काळजी घेत होती, आत्याने शिकवलं तसं! बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"म्हणू देत," बाई उठून मोठ्याने म्हणाल्या. "विचार तू."

भिंगरी सरळ उभी राहिली. चष्मा वर सरकवला, फळ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं. बेरीज विचारावी की महिने, तिचं तिलाच ठरवता येईना. मग ती म्हणाली, "सांगा, बाईंना वर्गातलं सगळ्यात जास्त कोण आवडतं?"

झालं! बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पुढे सगळा वर्ग, टक लावून. वकील तर मान वेळावून अगदी त्यांच्या तोंडातच बघत होता. खोटं बोलावं तर आता जीभ वळत नाही, आणि खरं बोलावं तर एवढ्या पोरांचे चेहरे पडतात. आयुष्यभर प्रश्न विचारणाऱ्या बाई फळ्यासमोरच्या ढ मुलासारख्या उभ्या राहिल्या.

भिंगरीला राहवलं नाही. माईकवर हात ठेवून, म्हणजे माईकला आणखी जवळ ओढून, ती पुटपुटली, "सगळी सारखी म्हण ना आत्या, सगळी सारखी!"

"सगळी सारखी, बाई," बाई म्हणाल्या. मग त्यांनी सरळ भिंगरीकडे बघितलं. "आणि त्यातली एक माझी."

भिंगरीने उत्तर नीट ऐकून घेतलं. घाई केली नाही. मग डस्टर टेबलावर ठेवून तिने आत्याच्या पाठीवर थाप दिली.

"बरोबर," ती म्हणाली. "बसा."